फ्रिट्झ लांग

फ्रिट्झ लांग (५ डिसेंबर १८९० – २ ऑगस्ट १९७६) हे ऑस्ट्रियात जन्मलेले चित्रपट दिग्दर्शक व पटकथालेखक होते. त्यांनी आधी जर्मनीत आणि नंतर अमेरिकेतील हॉलिवूडमध्ये चित्रपट निर्माण केले. 'मेट्रोपोलिस' (१९२७) हा त्यांचा मूकपट विज्ञानपटांच्या इतिहासातील एक मूलभूत कृती मानला जातो. 'फ्राउ इम मोंड' म्हणजे 'चंद्रावरील स्त्री' (१९२९) हा त्यांचा दुसरा विज्ञानपट आणि 'एम' (१९३१) हा पहिला बोलपट होय. डॉक्टर माबुझे या गुन्हेगारी पात्रावर त्यांनी चार दशकांच्या कालावधीत तीन वेळा चित्रपट काढले. चित्रपटसंस्थांची मालकी बदलली की तयार चित्रपटाचेही रूप कसे पालटते, याचे ठळक उदाहरण म्हणून लांग यांच्या कारकिर्दीकडे पाहिले जाते.

प्रारंभिक जीवन

लांग यांचा जन्म व्हिएन्ना येथे झाला. त्यांचे वडील आंटोन लांग हे बांधकाम व्यवसायात होते. आई पाउला या जन्माने ज्यू असून त्यांनी पुढे कॅथलिक पंथ स्वीकारला होता. मुलाने वडिलांचा व्यवसाय पुढे चालवावा या अपेक्षेने लांग यांना तांत्रिक शिक्षणासाठी पाठविण्यात आले. परंतु त्यांचा ओढा चित्रकलेकडे होता. शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी प्रवास केला आणि काही काळ पॅरिसमध्ये चित्रकलेचा अभ्यास केला. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच ते व्हिएन्नाला परतले आणि ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाले. युद्धात ते जखमी झाले. रुग्णालयात उपचार घेत असताना त्यांनी पटकथा लिहिण्यास प्रारंभ केला.

बांधकामाच्या वातावरणातील बालपण आणि चित्रकलेचा अभ्यास या दोहोंचा प्रभाव त्यांच्या चित्रपटांतील भव्य वास्तू, रेखीव दृश्यरचना आणि जनसमूहांची भूमितीय मांडणी यांत स्पष्ट दिसतो.

बर्लिनमधील आरंभ

युद्ध संपल्यावर निर्माते एरिश पोमर यांच्या 'डेक्ला' या संस्थेत लांग यांनी बर्लिन येथे काम सुरू केले. १९१९ साली त्यांचे दिग्दर्शक म्हणून पहिले मूकपट प्रदर्शित झाले. त्याच वर्षीच्या 'डी श्पिनेन' (कोळी) या साहसपटाला चांगले यश मिळाले आणि संस्थेने त्याचा दुसरा भाग त्वरित हवा असल्याचे सांगितले. त्यामुळे 'डॉक्टर कालिगारीची पेटी' हा पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रपट लांग यांच्याऐवजी रोबर्ट वीने यांच्याकडे गेला.

या सुमारास लेखिका थेआ फॉन हार्बू यांच्याशी त्यांचे सहकार्य सुरू झाले. १९२२ साली दोघांचा विवाह झाला. भारतातील एका काल्पनिक संस्थानावर आधारलेल्या हार्बू यांच्या कादंबरीवरून दोघांनी पटकथा लिहिली होती आणि तिचे दिग्दर्शन आपण करावे अशी लांग यांची इच्छा होती. तथापि निर्माते योए माय यांनी १९२१ साली तो चित्रपट स्वतःच दिग्दर्शित केला. स्वतः घडविलेली कथा दुसऱ्याच्या हाती गेल्याचा हा अनुभव लांग यांनी दीर्घकाळ मनात ठेवला.

१९२१ च्या अखेरीस डेक्ला-बायोस्कोप ही संस्था 'उफा' या जर्मनीतील सर्वांत मोठ्या चित्रपटसंस्थेत विलीन झाली. या विलीनीकरणाने लांग यांचे नुकसान झाले नाही, उलट मोठी साधनसामग्री त्यांच्या हाती आली. पोमर उफामध्येही निर्मितीप्रमुख राहिले आणि त्यांनी आपल्या दिग्दर्शकांना पुष्कळ मोकळीक दिली. 'डॉक्टर माबुझे, जुगारी' (१९२२) आणि 'डी नीबेलुंगेन' (१९२४) हे प्रत्येकी दोन भागांचे प्रदीर्घ मूकपट याच काळातील होत.

मेट्रोपोलिस

'मेट्रोपोलिस'ची पटकथा हार्बू आणि लांग यांची होती. भविष्यकाळातील एका महानगरात धनिक वर्ग उंच मनोऱ्यांत राहतो आणि श्रमिक भूगर्भात यंत्रांना जुंपलेले असतात, अशी तिची पार्श्वभूमी आहे. १९२४ साली न्यूयॉर्कला गेले असता तेथील गगनचुंबी इमारती पाहून चित्रपटाची कल्पना सुचल्याचे लांग सांगत असत. प्रत्यक्षात पटकथेचे काम त्या प्रवासापूर्वीच सुरू झाले होते. त्या प्रवासाने नगराच्या दृश्यरूपाला मात्र निश्चित आकार दिला.

चित्रीकरण मे १९२५ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर १९२६ पर्यंत चालले. आरंभी सुमारे १५ लाख मार्कांचा अंदाज होता. प्रत्यक्ष खर्च ५० लाख मार्कांच्या वर गेला. ऑयगेन शुफ्टान यांनी विकसित केलेल्या आरशांच्या तंत्राने लहान प्रतिकृती आणि जिवंत नट एकाच दृश्यात आणण्यात आले. ब्रिगिटे हेल्म या नवोदित अभिनेत्रीने मारिया आणि तिच्या रूपातील यंत्रमानव अशा दोन भूमिका केल्या. लांग एकेक दृश्य अनेकवार चित्रित करीत. पुराच्या प्रसंगासाठी शेकडो मुलांना दिवसेंदिवस थंड पाण्यात काम करावे लागले. कलाकारांबाबतची ही कठोरता आणि खर्चाबाबतची बेफिकिरी यांसाठी त्यांच्यावर टीका झाली.

चित्रीकरण चालू असतानाच उफा आर्थिक संकटात सापडली. डिसेंबर १९२५ मध्ये पॅरामाउंट आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकी संस्थांनी तिला ४० लाख डॉलरचे कर्ज दिले. त्याच्या मोबदल्यात 'पारुफामेट' ही संयुक्त वितरणसंस्था स्थापन झाली आणि अमेरिकी चित्रपटांना उफाच्या चित्रपटगृहांत मोठा वाटा मिळाला. १९२६ च्या आरंभी पोमर यांनी उफा सोडली. ज्यांच्या विश्वासावर हा चित्रपट उभा राहिला होता, ते तो पूर्ण होईपर्यंत संस्थेत राहिले नाहीत.

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा चित्रपटाची लांबी ४,१८९ मीटर, म्हणजे अडीच तासांच्या आसपास होती. अमेरिकेसाठी पॅरामाउंटने नाटककार चॅनिंग पोलॉक यांच्याकडून त्याची नवी, बरीच लहान आवृत्ती करवून घेतली. मूळ कथेत हेल नावाची एक दिवंगत स्त्री आहे. नगराधिपती फ्रेडरसेन आणि संशोधक रोटवांग या दोघांचेही तिच्यावर प्रेम होते. तिच्या स्मृतीसाठीच रोटवांग यंत्रमानव घडवितो. इंग्रजीत हे नाव नरकवाचक शब्दासारखे वाटते म्हणून हेलचे सर्व संदर्भ काढून टाकण्यात आले. परिणामी यंत्रमानवाच्या निर्मितीमागील कारणच नाहीसे झाले आणि रोटवांग हा केवळ एक वेडा शास्त्रज्ञ उरला.

याच वर्षी वृत्तपत्रांचे मालक व राष्ट्रवादी नेते आल्फ्रेड हुगेनबर्ग यांनी उफा ताब्यात घेतली. नव्या व्यवस्थापनाने मूळ चित्रपट मागे घेतला आणि ऑगस्ट १९२७ मध्ये जर्मनीतही सुमारे ३,२४० मीटरची आवृत्ती प्रदर्शित केली. जवळजवळ एक चतुर्थांश चित्रपट गळाला. त्यानंतर अनेक दशके प्रेक्षकांनी आणि समीक्षकांनी 'मेट्रोपोलिस' म्हणून जे पाहिले, ते अशाच तुटक आवृत्त्यांमधून. त्याची कथा विस्कळीत असल्याचा जो आक्षेप पुढे रूढ झाला, त्याचा काही भाग लांग आणि हार्बू यांच्यापेक्षा या काटछाटीला लागू पडतो. तथापि यंत्रमालक आणि श्रमिक यांच्यातील संघर्षाचा भावनेने केलेला शेवट मूळ पटकथेतलाच होता आणि उत्तरायुष्यात लांग यांनाही तो पटत नसे.

चंद्रावरील स्त्री आणि उफाशी फारकत

'मेट्रोपोलिस'नंतर लांग यांनी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. वितरण मात्र उफाकडेच राहिले. 'श्पियोने' (हेर, १९२८) या हेरपटानंतर त्यांनी 'फ्राउ इम मोंड' निर्माण केला. अग्निबाणशास्त्राचे एक प्रवर्तक हेर्मान ओबेर्ट हे या चित्रपटाचे सल्लागार होते. अनेक टप्प्यांचा अग्निबाण, वजनरहित अवस्था आणि उड्डाणापूर्वीची उलटी गणती या गोष्टी त्यात मानवाच्या प्रत्यक्ष अंतराळप्रवासाच्या तीन दशके आधी दाखविल्या गेल्या. उलट्या गणतीची प्रथा लोकमानसात रुजविण्याचे श्रेय बहुधा याच चित्रपटाला दिले जाते.

चित्रपट तयार होत असताना बोलपटांचे युग अवतरले होते. उफाने अग्निबाणाच्या उड्डाणाला ध्वनी जोडण्याची मागणी केली. चित्रपटाची लय मूकपटाची आहे, या कारणाने लांग यांनी ती नाकारली. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी तो मूकपट म्हणूनच प्रदर्शित झाला आणि त्यानंतर लांग व उफा यांचे संबंध तुटले. यावेळी दिग्दर्शकाचा शब्द टिकला. परंतु त्यांनी पुन्हा कधीही विज्ञानपट केला नाही. त्या काळी तेवढा खर्च करू शकणारी दुसरी संस्था जर्मनीत क्वचितच होती.

सेमूर नेबेनत्साल यांच्या नेरो-फिल्म या लहान संस्थेसाठी लांग यांनी 'एम' हा बोलपट केला. मुलांची हत्या करणाऱ्या एका विकृत माणसाचा पोलीस आणि गुन्हेगार दोघेही शोध घेतात, अशी त्याची कथा आहे. यात लांग यांना मोठे निर्मितिस्वातंत्र्य मिळाले. स्वतःच्या कृतींपैकी हीच कृती ते श्रेष्ठ मानीत.

देशत्याग

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. नेरोसाठीच केलेल्या 'डॉक्टर माबुझेचे मृत्युपत्र' या चित्रपटावर त्या वर्षीच्या मार्चमध्ये बंदी घालण्यात आली. प्रचारमंत्री गोबेल्स यांनी आपल्याला जर्मन चित्रपटसृष्टीचे प्रमुखपद देऊ केले आणि त्याच रात्री आपण बर्लिन सोडले, असे लांग पुढे अनेकदा सांगत. त्यांच्या पारपत्रावरील नोंदींवरून मात्र ते त्यानंतर काही महिने जर्मनीत ये-जा करीत होते आणि जुलैच्या अखेरीस त्यांनी देश सोडला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्याच वर्षी हार्बू यांच्याशी त्यांचा घटस्फोट झाला. हार्बू जर्मनीतच राहिल्या आणि नाझी राजवटीत त्यांचे चित्रपटलेखन चालू राहिले.

हॉलिवूड

पॅरिसमध्ये 'लिलिओम' (१९३४) हा चित्रपट करून लांग अमेरिकेला गेले. १९३९ साली त्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले. हॉलिवूडच्या पद्धतीत दिग्दर्शक हा बहुधा पगारी नोकर असे आणि अंतिम संकलनाचा अधिकार निर्मात्याकडे असे. जमावाच्या हिंसेवरील 'फ्युरी' (१९३६) या पहिल्याच अमेरिकी चित्रपटाच्या शेवटी संस्थेच्या आग्रहामुळे नायक-नायिकेचे चुंबन दाखवावे लागले. लांग यांना ते अखेरपर्यंत खटकत राहिले. त्यानंतर मेट्रो-गोल्डविन-मेयरसाठी त्यांनी जवळजवळ दोन दशके काम केले नाही.

निर्माते वॉल्टर वँगर आणि अभिनेत्री जोन बेनेट यांच्यासह त्यांनी 'डायना प्रॉडक्शन्स' ही संस्था स्थापन केली. तिचा 'स्कार्लेट स्ट्रीट' (१९४५) यशस्वी ठरला. 'सीक्रेट बियाँड द डोअर' (१९४८) अपयशी ठरला आणि ती संस्था बंद पडली. 'द बिग हीट' (१९५३) हा त्यांच्या उत्तरकाळातील सर्वोत्तम अमेरिकी चित्रपटांपैकी एक गणला जातो. १९५६ साली दोन चित्रपट केल्यानंतर निर्मात्यांशी होणाऱ्या सततच्या वादांना कंटाळून त्यांनी हॉलिवूड सोडले.

अखेरचे चित्रपट

निर्माते आर्टुर ब्राउनर यांच्या निमंत्रणावरून लांग पश्चिम जर्मनीत परतले. १९२१ साली हातून निसटलेली भारतीय पार्श्वभूमीची कथा त्यांनी अखेर 'डेर टिगर फॉन एश्नापूर' आणि 'डास इंडिशे ग्राबमाल' (दोन्ही १९५९) या दोन भागांत स्वतः दिग्दर्शित केली. त्यांतील काही भागाचे चित्रीकरण राजस्थानातील उदयपूर येथे झाले. 'डॉक्टर माबुझेचे हजार डोळे' (१९६०) हा त्यांचा शेवटचा चित्रपट होय. त्याला यश मिळताच ब्राउनर यांनी इतर दिग्दर्शकांकडून माबुझेची चित्रपटमालिका पुढे चालविली. ज्या पात्राला लांग यांनी पडद्यावर आणले, ते त्यांच्याशिवायही चालत राहिले.

१९६३ साली झाँ-ल्युक गोदार यांच्या 'ल मेप्री' या चित्रपटात लांग यांनी स्वतःचीच भूमिका केली. 'ओडिसी'वर चित्रपट काढणारा वृद्ध दिग्दर्शक आणि त्यात बदल हवे असणारा अमेरिकी निर्माता यांचा संघर्ष त्यात आहे. अखेरच्या वर्षांत लांग यांची दृष्टी अतिशय मंदावली. २ ऑगस्ट १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

'मेट्रोपोलिस'च्या नगराचा ठसा 'ब्लेड रनर' (१९८२) या चित्रपटावर, तर यंत्रमानवाचा ठसा 'स्टार वॉर्स'मधील सी-थ्रीपीओ या पात्रावर दिसतो. 'ब्लेड रनर'लाही प्रथम प्रदर्शनाच्या वेळी निर्मात्यांच्या आग्रहाने निवेदन आणि सुखान्त शेवट जोडण्यात आला होता. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना मान्य असलेली अंतिम आवृत्ती २००७ साली प्रदर्शित झाली. स्कॉट यांना आपल्या हयातीत ही संधी मिळाली. लांग यांना ती मिळाली नाही.

२००१ साली 'मेट्रोपोलिस'ची नोंद युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' सूचीत करण्यात आली. २००८ साली अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेस येथील चित्रपट संग्रहालयात त्याची १६ मिलिमीटरची जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली. काटछाटीपूर्वी परदेशी गेलेल्या एका प्रतीवरून ती तयार झाली होती. तिच्या आधारे जुळविलेली आवृत्ती फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिन येथे दाखविण्यात आली. तीत हेलचे कथानक पुन्हा आले. सापडलेल्या भागांवरील ओरखडे मात्र पूर्णपणे पुसता आले नाहीत; त्यामुळे १९२७ साली नेमके काय कापले गेले होते, ते आजच्या प्रेक्षकाला पडद्यावर सहज ओळखता येते.