यंत्रशोधक शंकर आबाजी भिसे

शोध लावणे ही एक विद्या, आणि लागलेला शोध कारखान्यापर्यंत पोहोचविणे ही दुसरी. पहिली विद्या उत्तम साधूनही दुसरीस अनुकूल साहाय्य न मिळाल्यास केवढी ओढाताण होते, हे पाहावयाचे असेल त्याने कै. शंकर आबाजी भिसे यांचे चरित्र अवश्य अभ्यासावे. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेत आम्ही ते थोडक्यात देत आहोत.

भिसे यांचा जन्म मुंबईस दि. २९ एप्रिल १८६७ रोजी झाला. बालपणापासूनच त्यांस यंत्रांचा नाद होता. तरुणपणी त्यांनी मुंबईत विज्ञानप्रेमी मंडळींची एक संस्था काढली. पुढे लंडनच्या एका नियतकालिकाने माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राविषयी स्पर्धा जाहीर केली, तीत त्यांच्या आराखड्यास पारितोषिक मिळाले. एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजींनी त्यांस आधार दिला.

भिसे यांचा सर्वांत मोठा उद्योग म्हणजे छापखान्याचे खिळे वेगाने ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र. परंतु आराखडा हाती असला म्हणजे यंत्र बाजारात येत नाही. प्रथम नमुना घडवावा लागतो. त्याची दीर्घकाळ परीक्षा घ्यावी लागते. देशोदेशी निरनिराळे एकस्व, म्हणजे पेटंट, घेऊन त्याचे शुल्क भरावे लागते. त्यातच लायनोटाइप व मोनोटाइप या बलाढ्य कंपन्या त्या क्षेत्रात आधीच पाय रोवून होत्या. दादाभाईंचे स्नेही, इंग्रज समाजवादी पुढारी हाइंडमन यांनी भांडवल जमविण्याचे अंगावर घेतले. पण ते जमले नाही, आणि १९०८ साली भिसे मायदेशी परतले. तेव्हा नामदार गोखले यांच्या प्रयत्नाने रतन टाटा पुढे आले व टाटा-भिसे सिंडिकेट स्थापन झाले. तथापि अपेक्षित उत्पन्न होईना. त्यात १९१४ चे महायुद्ध उद्भवले, आणि हाही आधार सुटला.

भिसे खचले नाहीत. ते अमेरिकेस गेले व न्यूयॉर्क येथे नव्याने कंपनी उभारून खिळे ओतण्याच्या यंत्रावर काम करू लागले. आयोडिनपासून त्यांनी सिद्ध केलेले औषध ‘ॲटोमिडिन’ या नावाने बाजारात आले. सुमारे २०० शोध व ४० च्या आसपास एकस्वे त्यांच्या नावावर सांगतात. दि. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथेच त्यांचे देहावसान झाले.

येथे एक तुलना करण्यासारखी आहे. भिसे अमेरिकेत धडपडत असतानाच, विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्राध्यापक स्टीनबॉक यांनी अन्नात ‘ड’ जीवनसत्त्व वाढविण्याची रीत शोधली. तिच्या व्यवस्थेसाठी १९२५ साली एक स्वतंत्र प्रतिष्ठान निघाले. प्रतिष्ठानाने एकस्व सांभाळावे, कारखानदारांस करारान्वये परवाने द्यावेत आणि आलेले स्वामित्वधन पुन्हा संशोधनास लावावे, अशी ती योजना होती. प्राध्यापकास भांडवलदारांचे उंबरे झिजवावे लागले नाहीत. भिसे यांच्या पाठीशी थोर व्यक्ती होत्या, संस्था नव्हती. व्यक्तीचा हात आखडला की काम थांबे. आपल्या देशात असे काम करणारे राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ १९५३ साली निघाले, म्हणजे भिसे गेल्यावर अठरा वर्षांनी. आज अनेक विद्यापीठांत व तंत्रशिक्षण संस्थांत यासाठी स्वतंत्र कक्ष आहेत.

पेठ तालुक्यातून शिक्षणासाठी नाशिकला जाणाऱ्या आमच्या मुलामुलींस हे मुद्दाम सांगावयाचे आहे. नागली मळण्याचे किंवा वरई सडण्याचे एखादे सुटसुटीत यंत्र तुमच्यापैकी कोणास सुचले, तर ते प्रदर्शनात मांडण्यापूर्वी वा छापून आणण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयात एकस्वाविषयी विचारावे. शोध आधीच उघड झाला, तर त्याचे नावीन्य गेले असे कायदा सामान्यतः मानतो, आणि हक्क हातचा जातो. हक्क नीट मिळाल्यास अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे तो टिकतो. तेवढ्या अवधीत यंत्र स्वतः करावयाचे, की परवाना देऊन दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचे, हे ठरविण्याची मुभा शोधकास असते. परवान्याचा करार मात्र जाणत्यास दाखविल्याखेरीज सही करू नये.

भिसे यांची चिकाटी आमच्या तरुणांनी घ्यावी. त्यांचे एकाकीपण मात्र कोणाच्या वाट्यास येऊ नये. तशी सोय आता आहे. तिचा लाभ घेणे हेच त्या थोर यंत्रशोधकाचे खरे स्मरण होय, असे आम्हांस वाटते.