बिजू पटनाईक

१९४७ सालचा जुलै महिना होता. भारताचे स्वातंत्र्य दाराशी येऊन ठेपले होते. परंतु त्याच वेळी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यावर घाला पडला. १९४५ साली स्वतंत्र झाल्याची घोषणा करणाऱ्या त्या देशावर २१ जुलै रोजी डच सैन्य चालून आले. इंडोनेशियाची कैफियत जगापुढे मांडण्यासाठी माजी पंतप्रधान सुतान शारीर यांनी बाहेर पडणे आवश्यक होते. पण जावा बेटाभोवती डचांचा कडक पहारा! या कामगिरीसाठी पंडित नेहरूंनी एका तरुण वैमानिकाची निवड केली. त्याचे नाव बिजू पटनाईक.

बिजूंचा जन्म ५ मार्च १९१६ रोजी ओडिशातील कटक येथे झाला. विमानविद्येच्या ओढीने त्यांनी महाविद्यालय सोडले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश सरकारची विमाने चालवू लागले. १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तेव्हा रंगूनमध्ये अडकलेल्या ब्रिटिश कुटुंबांना त्यांनी सुखरूप बाहेर काढले. त्याच विमानांतून ते भूमिगत देशभक्तांनाही गुप्तपणे नेत आणि हिंदी सैनिकांसाठी स्वातंत्र्याची पत्रके टाकीत. संकटात सापडलेल्या इंग्रजांचे प्राण त्यांनी वाचवले. मात्र इंग्रजांची सत्ता त्यांना मान्य नव्हती. अखेर हे उघडकीस आले आणि १९४३ साली त्यांना तुरुंगात जावे लागले.

असा हा वैमानिक जावाकडे निघाला. पत्नी ज्ञानदेवी सोबत होत्या. त्यांचे धाकटे मूल तेव्हा अवघे नऊ महिन्यांचे होते. डचांच्या पहाऱ्यातून वाट काढून बिजूंनी शारीरांना सिंगापूरमार्गे दिल्लीस आणले. पुढच्याच महिन्यात शारीरांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे आपल्या देशाची बाजू मांडली. कृतज्ञ इंडोनेशियाने बिजूंना ‘भूमिपुत्र’ हा किताब दिला.

पुढे १९६१ साली ते ओडिशाचे मुख्यमंत्री झाले. पारादीपच्या बंदराची उभारणी त्यांनी नेटाने पुढे नेली. १९७५ च्या आणीबाणीत त्यांना पुन्हा कारावास घडला. १९९० साली ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि पंचायतींत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. १७ एप्रिल १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

प्राचीन काळी कलिंगाचे दर्यावर्दी जावा बेटाकडे गलबते हाकारीत, ती व्यापारासाठी. त्याच भूमीचा हा पुत्र आकाशमार्गे तेथे गेला, तो दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी. स्वतःच्या देशासाठी प्राण पणाला लावणारे वीर थोर खरेच. परक्या देशाच्या स्वातंत्र्यासाठीही तितकेच धाडस करणारे बिजूंसारखे पुरुष विरळा.