औषधाच्या बाटलीवर आपला पत्ता

प्रभादेवीला बेस्टचा ‘बेंगॉल केमिकल’ नावाचा स्टॉप आहे. सिद्धिविनायकाला जाताना-येताना तुम्ही ही पाटी वाचली असेल. मुंबईच्या ऐन मध्यात हे बंगालचं नाव काय करतंय, असा प्रश्न कधी पडलाय का? त्याचं उत्तर शोधायला सव्वाशेहून जास्त वर्षं मागे जावं लागतं, कोलकात्यातल्या एका भाड्याच्या घरात. तिथे केमिस्ट्रीचा एक प्राध्यापक राहायचा. नाव प्रफुल्लचंद्र रे.

आगबोटीने आलेलं औषध

आधी त्या काळातलं औषधाचं दुकान डोळ्यांसमोर आणा. साल 1890च्या आसपास. कोलकात्यात बाथगेट, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट, आपल्या मुंबईत केम्प, ट्रीचर अशी बडी युरोपियन दुकानं. त्यांच्या जोडीला बटकृष्ण पाल यांच्यासारखे देशी व्यापारीही उभे राहिले होते. ते परदेशातून थेट माल मागवायचे आणि त्यात त्यांनी मोठं नाव कमावलं. उत्तर कोलकात्यातला एक मोठा रस्ता आजही त्यांच्या नावाने आहे.

सुएझ कालवा 1869मध्ये सुरू झाला होता, त्यामुळे विलायतेचा माल पूर्वीपेक्षा लवकर पोहोचायचा. पण गंमत बघा. आपल्याकडचा ओवा बोटीत बसून जर्मनीला जायचा, तिथे त्यातून थायमॉल काढायचे आणि ते औषध म्हणून आपल्यालाच विकत मिळायचं. जनावरांची हाडंही बाहेर जायची. कच्चा माल आपला, आजारी माणूस आपला, मधली सगळी कमाई मात्र दुसऱ्याची. दुकानदाराला यात काही खटकत नव्हतं. त्याचा धंदा व्यवस्थित चालला होता. खटकलं ते प्रफुल्लचंद्रांना.

डिग्री मोठी, पगार 250

प्रफुल्लचंद्रांचा जन्म 2 ऑगस्ट 1861चा, राडुली गावचा. हे गाव आज बांगलादेशात आहे. शाळेत असताना आमांशाने असं काही गाठलं की दोन वर्षं शाळा सुटली आणि पोट जन्मभर नाजूकच राहिलं. त्या दोन वर्षांत या पोराने घरातली पुस्तकं वाचून काढली. पुढे गिलख्रिस्ट स्कॉलरशिप मिळवून 1882मध्ये एडिंबरा गाठलं आणि 1887मध्ये डीएस्सी घेतली.

परत आल्यावर सगळं सुरळीत झालं असेल, असं वाटतंय ना? नाही झालं. जवळपास वर्षभर नोकरीच नव्हती. त्या काळात मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरी त्यांना आधार मिळाला. शेवटी 1889मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात जागा मिळाली, तीही तात्पुरती आणि महिना 250 रुपयांची. शिक्षण खात्यातल्या वरच्या पगाराच्या जागा जवळपास सगळ्या गोऱ्यांसाठी होत्या.

नोकरी लागल्यावर कुणी शांत बसलं असतं. यांना मात्र वेगळीच काळजी. पदवी घेतलेली मुलं कारकुनीच्या मागे धावतायत, धंद्याकडे कुणी वळत नाही, हे ते रोज बघत होते. मग 1892च्या सुमारास सात-आठशे रुपये जमवून त्यांनी 91, अप्पर सर्क्युलर रोड या आपल्या राहत्या घरीच कारखाना थाटला. म्हणजे जेमतेम तीन महिन्यांच्या पगाराएवढं भांडवल. त्याचं नाव बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स.

गच्चीवर हाडांचा ढीग

दिवसा कॉलेज, संध्याकाळी कारखाना. औषधासाठी सोडा फॉस्फेट बनवायचं तर हाडांची राख लागते. प्रफुल्लचंद्रांनी राजाबाजारच्या खाटकांकडून पोतीच्या पोती हाडं आणली आणि गच्चीवर वाळत घातली. नेमका अवकाळी पाऊस आला. हाडं सडली, अळ्या पडल्या, कावळ्यांची जत्रा भरली आणि शेजाऱ्यांनी पालिकेत जायची धमकी दिली. मग सगळा ढीग माणिकतल्याला एका मोकळ्या जागेत हलवला आणि रात्री पेटवला. आग बघून पोलीस हजर! कुणाचं तरी प्रेत गुपचूप जाळतायत, असा त्यांना संशय आला. ही जनावरांची हाडं आहेत, हे दाखवून द्यावं लागलं.

डीएस्सी झालेला प्राध्यापक रात्री हाडं जाळतोय, हे चित्र आज मजेशीर वाटतं. पण लॅबमध्ये चिमूटभर पदार्थ बनवणं आणि विकण्याइतका बनवणं यात किती अंतर आहे, हे ते अशाच रात्रींमधून शिकले.

खरी परीक्षा काउंटरवर

औषध तयार झालं. ब्रिटिश फार्माकोपियाच्या कसोटीला उतरलं. आता विकणार कोण? दुकानदारांनी हात आखडता घेतला. त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. विलायती लेबल गिऱ्हाइकाच्या ओळखीचं होतं. या नव्या बाटलीने काही बिघडलं तर नाव दुकानाचं जाणार. म्हणजे केमिस्ट्री जमली होती, विश्वास जमायचा होता.

इथे मदतीला आले डॉ. अमूल्यचरण बोस. त्यांनी आपल्या डॉक्टर मित्रांना ही औषधं लिहून द्यायला राजी केलं. चिठ्ठीवरच नाव आलं की गिऱ्हाईक मागणार आणि गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर दुकानदार माल ठेवणार! त्याच सुमारास त्यांनी आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. नुसती विलायती औषधांची नक्कल न करता अडुळशाचं सिरप, ओव्याचा अर्क अशी घरोघरी माहीत असलेली औषधं शास्त्रशुद्ध पद्धतीने बनवून बाजारात आणली. आजीच्या बटव्यातला अडुळसा आता डॉक्टर लिहून देऊ लागले.

किंमत मात्र मोठी मोजावी लागली. सतीशचंद्र सिंह हा तरुण सहकारी प्रयोगशाळेत हायड्रोसायनिक ॲसिडच्या विषाने अपघाताने गेला. 1898मध्ये कोलकात्यात प्लेग आला आणि त्याने अमूल्यचरणांनाही नेलं. दोन खांदे गेल्यावर धंदा गुंडाळला असता तरी कुणी दोष दिला नसता. प्रफुल्लचंद्रांनी तो चालू ठेवला. 1901मध्ये लिमिटेड कंपनी झाली, 1905मध्ये माणिकतल्याचा कारखाना उभा राहिला. लक्षात घ्या, वंगभंगानंतर स्वदेशीची लाट आली तेव्हा ही कंपनी तेरा वर्षांची होती. पुढे पहिल्या महायुद्धात परदेशी माल अडला आणि ज्यांनी या कारखान्याकडे पाठ फिरवली होती, त्यांनाही त्याची गरज कळली. मुंबईचा कारखाना आला 1938मध्ये. तुमचा बसस्टॉप त्याचाच.

आठशेतले चाळीस

आपल्या पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले कोलकात्यात प्रफुल्लचंद्रांच्या जवळच राहायचे आणि दोघांची चांगली दोस्ती होती. 1901च्या काँग्रेस अधिवेशनानंतर गांधीजी महिनाभर गोखल्यांकडे राहिले, तेव्हा गोखल्यांनी त्यांची ओळख करून दिली ती अशी: हा माणूस आठशे रुपये पगारातले चाळीस स्वतःसाठी ठेवतो, बाकी लोकांच्या कामाला देतो. प्रफुल्लचंद्रांनी लग्न केलं नाही. साठी गाठल्यावर, 1921पासून, विद्यापीठाचा सगळा पगार विद्यापीठालाच देऊन टाकला. कॉलेजातल्याच एका खोलीत ते राहायचे आणि 16 जून 1944 रोजी गेले तेही तिथेच.

बेंगॉल केमिकल नंतर तोट्यात गेली आणि 1980मध्ये सरकारी झाली. पण कारखान्याचं पुढे काय झालं, एवढ्यावरून या माणसाचा हिशोब मांडता येणार नाही. आज भारतातली औषधं जगभर जातात. दुसरीकडे, त्यातल्या कितीतरी औषधांचा मूळ घटक अजूनही चीनमधून येतो. गोळ्यांची पुढची स्ट्रिप हातात घ्याल तेव्हा मागचा बारीक मजकूर वाचा. बनवणाऱ्याचा पत्ता बहुतेक आपल्याच देशातला दिसेल. आतली पावडर कुठून आली, हे मात्र तिथे सहसा लिहिलेलं नसतं. केमिस्ट्री, फार्मसी किंवा कॉमर्स, काहीही शिकत असाल तरी त्या न लिहिलेल्या ओळीत तुमच्यासाठी भरपूर काम पडलंय.