गुरुवर्य पेस्टालॉझी आणि वर्गांतील शिस्त

शाळेंत पुस्तकें नाहींत, हाताखालीं दुसरा शिक्षक नाहीं, आणि समोर बसलेल्या ८० मुलांपैकीं दहांत एकासहि मुळाक्षरें येत नाहींत. अशा ठिकाणीं शिस्त कशी राखावी? हा प्रश्न इ. स. १७९९ सालीं स्विट्झर्लंडमधील एका ५३ वर्षांच्या गृहस्थापुढें उभा राहिला. त्यांनीं त्याचें जें उत्तर शोधिलें, त्यानें पुढें युरोपांतील शाळांचें स्वरूप पुष्कळ अंशीं पालटलें. त्या थोर गुरूचें, योहान हाइनरिश पेस्टालॉझी यांचें, चरित्र आम्ही आज वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

पेस्टालॉझी यांचा जन्म ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झुरिक शहरीं झाला. त्यांचे वडील शस्त्रवैद्य होते. परंतु हाइनरिश पांच वर्षांचे असतांच ते वारले, आणि मुलांच्या संगोपनाचा भार आईवर पडला. बाबेली नांवाच्या एका दासीनें मरणोन्मुख धन्यास दिलेलें वचन पाळून हें घर अखेरपर्यंत सोडिलें नाहीं. आजोबा जवळच्या खेड्यांत धर्मोपदेशक होते. ते नातवास बरोबर घेऊन गोरगरिबांच्या घरीं जात. दारिद्र्यानें मुलांची बुद्धि कशी कोमेजते, हें या बालकानें त्या वयांतच पाहिलें.

इ. स. १७६९ मध्यें त्यांचा विवाह आन्ना शुल्थेस या सुशील स्त्रीशीं झाला. नॉयहोफ येथें त्यांनीं शेती आरंभिली, ती फसली. पुढें १७७४ सालीं तेथेंच त्यांनीं गरीब मुलें घरीं ठेवून घेतलीं आणि सूत कांतणें, विणणें यांबरोबर त्यांस शिक्षण देण्यास प्रारंभ केला. तोहि प्रयत्न १७८० मध्यें पैशाच्या अभावीं बंद पडला. पत्नीची मिळकतहि त्यांत गेली. लोक त्यांस वेडगळ म्हणूं लागले; परंतु मुलांवरील त्यांची श्रद्धा ढळली नाहीं.

सप्टेंबर १७९८ मध्यें फ्रेंच सैन्यानें स्टान्स गांवाची राखरांगोळी केली. शेंकडों माणसें मेलीं व अनेक मुलें पोरकीं झालीं. सरकारनें त्या मुलांची व्यवस्था पेस्टालॉझी यांजकडे सोंपविली. जानेवारी १७९९ मध्यें एका मठाच्या अर्धवट तयार झालेल्या इमारतींत काम सुरू झालें. मदतीस एक घर सांभाळणारी बाई तेवढी होती. कित्येक मुलांच्या अंगावर खरूज, केंसांत उवा. कांहींस भीक मागण्याची संवय, तर कांहीं पूर्वीं सुखांत वाढलेलीं व म्हणून रुसणारीं. गांव कॅथॉलिक आणि हे गृहस्थ प्रॉटेस्टंट, म्हणून लोकांच्या मनांत संशय. कित्येक आईबाप मुलांस नवे कपडे मिळतांच त्यांस घेऊन जात. कोणी तर मूल भीक मागून आणीत होतें, तें बुडालें म्हणून रोजची भरपाई मागत!

अशा वर्गास ताब्यांत कसें आणावें? पेस्टालॉझी यांनीं प्रथम नियमांची यादी केली नाहीं. ते मुलांत राहूं लागले. त्यांच्याबरोबर जेवावें, आजाऱ्याच्या उशाशीं बसावें, रात्रीं सर्वांच्या शेवटीं निजावें व सकाळीं सर्वांच्या आधीं उठावें, असा त्यांचा क्रम होता. झोंप लागेपर्यंत ते मुलांशीं बोलत व प्रार्थना करीत. हा मनुष्य आपला आहे, अशी मुलांची खात्री पटली, आणि मगच त्यांच्या शब्दास वजन आलें.

परंतु प्रेम म्हणजे ढिलेपणा असें त्यांनीं कधींच मानिलें नाहीं. शिकवितांना पूर्ण शांतता असावी, असा त्यांचा आग्रह असे. अक्षरें व वाक्यें सर्व मुलें एका सुरांत म्हणत. यामुळें गलबल्यास जागा राहत नसे. कधीं ते विनोदानें सांगत कीं, म्हणतांना दृष्टि आपल्या बोटावर खिळवून ठेवा. एवढ्या क्षुल्लक गोष्टीनेंहि चंचल मन स्थिर होई. ज्या मुलास जें येई, तें तो न येणाऱ्यास शिकवी. मोठा मुलगा लहानाच्या गळ्यांत हात घालून त्यास अक्षरें दाखवी. याच्या कांहीं वर्षें आधीं डॉ. अँड्र्यू बेल यांनीं आपल्या मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेंत अशीच योजना केली होती. पेस्टालॉझींस ती निकडीनें सुचली.

शिक्षेविषयीं त्यांचें वर्तन विचार करण्यासारखें आहे. उद्दामपणा व निष्ठुरपणा दिसल्यास ते क्वचित् चापट मारीत. पण लगेच त्या मुलास जवळ घेत. रात्रंदिवस मुलांसाठीं झटणाऱ्या आईबापाचा मार आणि तसा संबंध नसलेल्या शिक्षकाचा मार यांत फार अंतर आहे, असें त्यांचें मत होतें. आज आपण शाळेंत मुलांस मारणें अयोग्य मानितों व कायदाहि तसाच आहे. तथापि ज्यानें मुलांसाठीं कांहीं सोसलें नाहीं त्याच्या कठोर शब्दानेंहि सुधारणा होत नाहीं, हें त्यांच्या विचारांतील तत्त्व आजहि खरें आहे.

त्याच वर्षीं आल्टडॉर्फ नांवाचा गांव जळाला. पेस्टालॉझी यांनीं मुलांस भोंवतीं बसवून विचारलें कीं, तेथील वीस निराश्रित मुलांस येथें आणावें काय? आणल्यास तुमच्या वांट्याचें अन्न कमी होईल, काम वाढेल व कपडेहि वांटून घ्यावे लागतील, हेंहि त्यांनीं स्पष्ट सांगितलें. मुलांनीं एकमुखानें होकार दिला. कांहीं महिन्यांपूर्वीं भाकरीच्या तुकड्यासाठीं भांडणाऱ्या मुलांचें हें उत्तर होतें. आमच्या मतें त्यांच्या शिस्तीची खरी परीक्षा येथेंच झाली.

जून १७९९ मध्यें सैन्याच्या रुग्णालयासाठीं इमारत हवी झाली आणि ही शाळा बंद पडली. पेस्टालॉझी स्वतः अतिश्रमानें आजारी झाले होते. तरी त्याच वर्षीं त्यांनीं बुर्गडॉर्फ येथें पुनः शिकविण्यास आरंभ केला. पुढें १८०५ पासून १८२५ पर्यंत इव्हर्डन येथील त्यांच्या शाळेनें मोठें नांव मिळविलें. बालोद्यानाचे जनक फ्रोबेल यांनीं तेथें दोन वर्षें राहून अभ्यास केला. मात्र हाताखालच्या शिक्षकांतील कलह त्यांस मिटवितां आला नाहीं व त्यापायींच ती शाळा संपली. मुलांचीं मनें जिंकणाऱ्यास मोठ्यांचीं जिंकतां आलीं नाहींत, ही त्यांच्या आयुष्यांतील दुःखाची गोष्ट होय. ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें त्यांचा अंत झाला. बिर गांवीं शाळेजवळ त्यांस पुरलें आहे.

वर्गांतील शांतता ही केवळ शिक्षकानें लादावयाची वस्तु नाहीं, हें या चरित्रावरून दिसून येईल. आपल्या शेजाऱ्यास अडलेलें गणित समजावून देणारा विद्यार्थी त्या शांततेस हातभार लावितो. आणि मुलास वेळेवर शाळेंत धाडून शिक्षकाविषयीं घरीं आदरानें बोलणारे आईबापहि तिला हातभार लावितात. स्टान्स येथें हें दुसरें साहाय्य पेस्टालॉझींस मिळालें नाहीं. आमच्या शाळेंतील गुरुजनांस तें सदैव मिळो, अशी आम्ही परमेश्वराजवळ प्रार्थना करितों.