डॉलिंगर व पोपांचे अप्रमादित्व

मोठ्या धर्मसंस्थेशी भांडून बाहेर पडणारे पुरुष इतिहासात पुष्कळ आढळतात. तिच्यापुढे मान तुकवून आत राहणारे तर त्याहूनही अधिक. परंतु जे खोटे वाटते त्यास खरे म्हणावयाचे नाही, आणि ज्या घरात आयुष्य गेले ते घरही आपण होऊन सोडावयाचे नाही, असा तिसरा व फार अवघड मार्ग पत्करणारा विरळा. म्यूनिक येथील धर्मेतिहासाचे अध्यापक इग्नाझ डॉलिंगर हे अशांपैकी होत. त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

डॉलिंगर यांचा जन्म जर्मनीतील बांबेर्ग शहरी सन १७९९ मध्ये झाला. वडील शरीरशास्त्राचे नामांकित अध्यापक होते; मुलाने मात्र १८२२ साली धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. १८२६ साली म्यूनिक विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली व पुढील सारे आयुष्य त्याच नगरात गेले. आरंभी ते रोमचे कडवे अभिमानी होते. ल्यूथरच्या चळवळीवर त्यांनी तीन खंडांचा प्रतिकूल ग्रंथ लिहिला, आणि १८४८ च्या फ्रँकफर्ट येथील राष्ट्रसभेत राजसत्तेच्या हस्तक्षेपापासून धर्मसंस्था मोकळी असावी असा पक्ष मांडला. तेव्हा पुढे त्यांनी जो विरोध केला तो परक्याचा नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मतपालट झाला तो जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासाने. पेढीच्या वहीत मागाहून घुसडलेली नोंद प्रामाणिक हिशेबनिसाच्या नजरेस एकदा आली म्हणजे मालकाच्या भिडेखातर त्याला ती खरी म्हणता येत नाही. कॉन्स्टंटाईन बादशहाचे म्हणून दाखविले जाणारे दानपत्र, नवव्या शतकातील बनावट आज्ञापत्रांचा संग्रह, यांच्या आधाराने पोपांची सत्ता कशी वाढत गेली हे त्यांना स्पष्ट दिसू लागले. १८६३ साली त्यांनी पोपांविषयीच्या मध्ययुगीन दंतकथांवर स्वतंत्र पुस्तकच काढले.

इकडे नववे पायस यांनी १८६४ साली ऐंशी आधुनिक मतांची निषेधयादी प्रसिद्ध केली व ८ डिसेंबर १८६९ रोजी व्हॅटिकनमध्ये धर्मसभा भरविली. पोपांचे अप्रमादित्व हा तिच्यापुढील मुख्य वाद ठरला. याचा अर्थ पोपांच्या हातून पाप घडत नाही किंवा त्यांचा प्रत्येक शब्द अचूक असतो, असा नव्हे. सर्व ख्रिस्ती जनांचे गुरू या नात्याने पीठावरून श्रद्धा किंवा नीती यांविषयी ते जो निर्णय देतील तो चुकीचा असणे शक्य नाही, व त्यास इतरांच्या संमतीची गरज नाही, एवढाच त्याचा आशय.

डॉलिंगर यांचे म्हणणे असे की, प्राचीन धर्मसंस्थेस हे तत्त्व ठाऊक नव्हते. ६८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने होनोरियस या दिवंगत पोपांचाच धिक्कार केला होता. होनोरियस यांचे ते लेख पीठावरून दिलेले निर्णय नव्हते, असे उत्तर प्रतिपक्षाने दिले. डॉलिंगर स्वतः रोमला गेले नाहीत. पण त्यांचे शिष्य लॉर्ड ॲक्टन व इतर यांजकडून आलेल्या माहितीवर त्यांनी टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रे छापली आणि गुप्त ठेवलेली चर्चा चव्हाट्यावर आणली.

१३ जुलै १८७० रोजी ठरावास ४५१ अनुकूल, ८८ प्रतिकूल व ६२ सशर्त मते पडली. नंतर विरोधकांपैकी अनेक जण रोम सोडून गेले, आणि १८ जुलैस ५३३ विरुद्ध २ मतांनी ठराव पास झाला. विरोध करणाऱ्या बिशपांनी पुढे एकामागून एक संमती दिली. त्यांस केवळ भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. धर्मसंस्था दुभंगणे हेच त्यांना अधिक मोठे संकट वाटले.

म्यूनिकच्या आर्चबिशपांनी डॉलिंगर यांच्याकडेही संमती मागितली. २८ मार्च १८७१ च्या पत्राने त्यांनी ख्रिस्ती, धर्मशास्त्री, इतिहासकार व नागरिक या चारही नात्यांनी ती नाकारली. एप्रिलात त्यांजवर बहिष्कार पडला. वय बहात्तर! विद्यापीठाने मात्र त्यांसच आपला प्रमुख निवडले.

खरी कसोटी यापुढची होती. त्यांच्या मताच्या लोकांनी 'जुने कॅथॉलिक' या नावाने वेगळा संप्रदाय उभारला. डॉलिंगर यांनी वेदीसमोर दुसरी वेदी मांडू नका म्हणून त्यांस बजावले. बहिष्कार अन्यायाचा मानूनही त्यांनी पूजाविधी चालविण्याचे सोडले. १८७४ व १८७५ साली बॉन येथे निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठी परिषदा भरविल्या. त्यांतून ऐक्य झाले नाही. १० जानेवारी १८९० रोजी नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधी बहिष्कृत मित्राच्याच हातून झाला; रोमशी समेट झालाच नाही.

या अधिकाराचा निर्विवाद उपयोग पुढे १९५० साली एकदाच झाला. मग एवढा हट्ट कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या मते वाद अधिकार किती वेळा वापरला जाईल याचा नव्हताच. घडलेली गोष्ट बहुमताने न घडलेली ठरविता येते काय, याचा होता. बहिष्कार हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाही. त्याच्या भयाने ज्यांची जीभ आवरते त्यांनी, आणि त्याच्या रागाने जे स्वजनांस कायमचे तोडतात त्यांनीही, या वृद्ध अध्यापकाची शेवटची एकोणीस वर्षे एकवार डोळ्यांपुढे आणावी.