ताराबाई मोडक : अंगणवाडी कागदावर येण्याआधी

सिंदी (रेल्वे) असो की दुसरे कुठले गाव, अंगणवाडी म्हटले की आपल्याला टीएचआरची पाकिटे, वजनकाटा आणि सेविकाताईंची रजिस्टरे आठवतात. शब्दही सरकारी वाटतो. पण त्यामागची कल्पना मंत्रालयातून आली नाही. ती ताराबाई मोडक यांनी वस्त्यांमध्ये काम करत घडवली.

ताराबाई १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजी केळकर कुटुंबात जन्मल्या. १९१४ मध्ये पदवी घेतली. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेले लग्न टिकले नाही आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. त्या काळात हे किती अवघड असेल ते वेगळे सांगायला नको. पुढे राजकोटला नोकरी, मग भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचे काम. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ आणि १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार. एवढ्यावर थांबल्या असत्या, तर त्या शहरी मध्यमवर्गाच्या बालशिक्षिका म्हणून राहिल्या असत्या.

अडचण पैशाची होती. माँटेसरीची साधने महाग, ती खेड्याला परवडणार कशी? इकडे आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला जानेवारी १९४५ च्या परिषदेने नई तालीम सात वर्षांखालच्या मुलांपर्यंत नेली. त्याच वर्षी, पन्नाशी उलटलेल्या ताराबाई बोर्डीला (आजचा पालघर जिल्हा) गेल्या. सोबत अनुताई वाघ होत्या.

तिथे त्यांनी खर्चाचा हिशेबच बदलला. विकतच्या साधनांऐवजी बिया, शिंपले, माती, बांबू. तरी गरीब घरची मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या वस्तीत गेली. कुणाच्या तरी अंगणात मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, खाऊ द्यायचा आणि मग गाणी, गोष्टी. इमारतीची वाट पाहायची नाही. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, कारण धाकटी भावंडे सांभाळण्यात मोठ्या मुलीची शाळा बुडत होती. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माझ्या मते हेच खरे नियोजन! आधी मूल का येत नाही ते शोधले आणि मग पैसा कुठे घालायचा ते ठरवले.

१९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. अंगण गेले, पण शिकवणाऱ्या बाईची किंमत गेली नाही. सेविका आजही मानधनावर आहेत. त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये मान्य करावा लागला.

वस्तीत काम करणाऱ्यांनी याच न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश जवळ ठेवावा. नवी केंद्रे देताना अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य द्या, असे त्यात आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची आहे. यादी करायला एक रविवार पुरतो.