चाकावरचा खांब

गाडी बसकी दिसावी म्हणून हल्ली काही तरुण तिच्या स्प्रिंगा कापून घेतात. वरवट बकालहून शेगावकडे निघालेल्या अशा गाडीला खड्डा लागला, की हादरा थेट पाठीच्या मणक्यात जातो. स्प्रिंग कापण्याआधी अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरचे आयुष्य जाणून घ्यावे.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १८९१ साली जन्मलेले मॅकफर्सन १९१५ साली तिथल्याच विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडले. १९४५ मध्ये शेव्हरोलेने हजार डॉलरच्या आत मिळेल अशी छोटी मोटार बनवण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. पैसा मोजका. त्यांनी स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकाच खांबात बसवले. वरचे टोक गाडीच्या अंगाला, खालचे चाकाकडे. १९४७ मध्ये कंपनीने ती मोटारच रद्द केली. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि १९५० च्या इंग्लिश फोर्ड कॉन्सलखाली तो खांब उभा राहिला. १९६० साली ते वारले. पुढे आपल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांवरही तोच खांब आला.

या खांबातले दोघे जोडीने संसार करतात. स्प्रिंग झटका झेलते, शॉकअब्सॉर्बर तिची उसळी आवरतो. नुसती स्प्रिंग कापली, तर दांडीला दबायला जागा उरत नाही. चाक लोंबले, तर स्प्रिंग बैठकीतून सुटूही शकते. गाडी खाली घ्यायचीच असेल, तर आखूड, कडक स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअब्सॉर्बर एकत्रच घ्यावेत. नंतर चाकांचे अलाइनमेंट करावे. बँकेत आयुष्य गेलेल्या मला काटकसर आवडते, पण हा खर्च वाचवण्यातला नव्हे. मागच्या सीटवर आई बसलेली असते.